चार्टबाईंची चौथी कादंबरी

चार्टबाईंना उभी गाडी बघवत नसे. डेपोच्या आवारात एखादी बस जरा जास्त वेळ उभी दिसली की त्या खुर्चीतून उठून खिडकीशी यायच्या आणि तिच्याकडे अशा बघायच्या, जणू ती त्यांच्याच घरात येऊन पाय पसरून बसली आहे. मग चौकशी सुरू. ड्रायव्हर कुठे उलथला, कंडक्टर काय करतोय, माणसाला एक कप चहा प्यायला एवढा वेळ लागतो का, का पातेलंच तोंडाला लावलंय. ड्रायव्हर लोक लांबूनच बघायचे, बाई खिडकीत आल्या, की कप अर्धा टाकून गाडी सुरू करायचे.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथेच राहिलं. बाकी सगळ्यांना त्या चार्टबाई. डेपोची कुठली बस किती वाजता सुटणार, कुठे वळणार, कुणी चालवायची, हे सगळं त्यांच्या टेबलावरच्या एका मोठ्या कागदावर ठरायचं. कागदावर डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर थांबे, सगळ्यात खाली डेपो. प्रत्येक बसची एक रेघ. वर जाते, वळते, खाली येते, पुन्हा वर जाते. दिवस संपला की प्रत्येक रेघ डेपोवर येऊन टेकलीच पाहिजे. मध्येच लोंबकळणारी रेघ म्हणजे रस्त्यात हरवलेली बस, आणि बाईंच्या सगळ्या नोकरीत अशी एकही रेघ राहिली नव्हती. याचा त्यांना गर्व होता, आणि तो त्या लपवायच्याही नाहीत.

आता असल्या बाईनं कादंबऱ्या लिहाव्यात, हे ऐकून तुम्ही हसाल. डेपोतलेही हसले होते. पण बाईंनी लिहिल्या. आणि एक सुचली, लिहिली, मग बघू, असला कारभार नाही. पहिल्याच रविवारी चार कादंबऱ्यांची मालिका आखून मोकळ्या झाल्या. रद्द झालेल्या वेळापत्रकाचा पाठकोरा कागद घरी आणला, तासांच्या जागी वर्षं घातली आणि बसच्या जागी माणसं. एक घर, कुलपं दुरुस्त करणारा बाप, आई आणि तीन मुलं. मुलांना कादंबरीत चांगली नावं आहेत, पण ती जाऊ द्या, डेपोत सगळे त्यांना थोरला, मधली आणि धाकटा असंच म्हणत. थोरला निळा, मधली लाल, धाकटा हिरवा, बाप काळा. आणि सगळ्यात खाली, घरावरून सरळ आडवी गेलेली आईची रेघ, ती साध्या पेन्सिलीची. तिला कुठे जायचंच नव्हतं, मग तिच्यावर रंग कशाला घालवायचा.

पहिल्या पुस्तकात तिघंही घरात. दुसऱ्यात मधली भांडून घर सोडते. तिसऱ्यात उरलेले दोघे पांगतात. चौथ्यात सगळे परत येतात. कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागला. वाफेनं त्याचा एक कोपरा सारखा सुटायचा आणि बाई पोळपाटाच्या कडेनं तो पुन्हा पुन्हा दाबायच्या. प्रकाशकाकडे गेल्या त्या हाच कागद गुंडाळून घेऊन. तो बिचारा जन्मभर अशा लेखकांमध्ये वाढलेला, की ज्यांना पुढचं प्रकरण कसं होणार ते विचारलं तर ते छताकडे बघतात. इथे ही बाई टेबलावर कागद पसरते आणि पेन्सिलीच्या टोकानं दाखवते, हा इथे जातो, ही इथे वळते, आणि चौथ्याच्या शेवटी बघा, एकही रेघ बाहेर नाही. प्रकाशकानं तोंडात बोट घातलं आणि चारही पुस्तकं घेतो म्हणाला. पुढे जाहिरातीतही त्यानं तेच छापलं, चौथ्या भागात सगळे घरी येणार म्हणून.

पुस्तकं चालली. फार मोठा गाजावाजा नाही, पण वाचनालयातल्या प्रतींची पानं सुटायला लागली, म्हणजे चालली. डेपोत तर ज्याला त्याला वाटायचं, मीच आहे यात. शेजारच्या टेबलावर बसणारा कंट्रोलर, ज्याचं काम फोन घेऊन गाड्या इकडच्या तिकडे वळवण्याचं, तो स्वतःला थोरला समजायचा आणि थोरल्यानं पुस्तकात काही मूर्खपणा केला की दोन दिवस बाईंशी तुटक बोलायचा.

आणि मग ते वाक्य झालं.

बाईंना एकच मुलगी. चष्म्याच्या काचा घासून चौकटीत बसवायचं काम शिकली, आणि दुसऱ्या शहरात एका दुकानात तिला नोकरी लागली. जायच्या दिवशी आईनं तिच्या हातात एक कागद ठेवला. कुठली बस, कुठली गाडी, पोचल्यावर फोन कधी, रोज फोन कधी, महिन्यातून घरी यायचं ते कुठल्या शनिवारी कुठल्या गाडीनं, सगळं रेघांनी आखलेलं. लेकीनं कागद बघितला, टेबलावर ठेवला, आणि शांतपणे म्हणाली, "तुला माणसं नकोत, आई. तुला वेळेवर येणाऱ्या गाड्या हव्यात." आणि गेली.

बाईंना लागलं. लागणारच. दिवसभर त्या घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिल्या, धुतलेली भांडी पुन्हा धुतली. पण तेव्हा दुसरी कादंबरी चालू होती आणि मधली घर सोडून निघते तिथेच अडली होती. दारात उभं राहून मधली काय म्हणते ते काही केल्या सुचत नव्हतं. आणि हे वाक्य आयतं दारात उभं. बाईंनी ते उचललं आणि मधलीच्या तोंडी घातलं, आहे तसं, एक अक्षर न बदलता. इतकं चपखल बसलं, की लिहून झाल्यावर बाईंना बरंसुद्धा वाटलं. लिहिणाऱ्या माणसांचं हे असंच असतं, घर जळत असलं तरी उजेड बरा पडलाय म्हणतील.

पुस्तक आलं. वाक्य डेपोत फेमस झालं. कुणाला उशीर झाला आणि बाईंनी झापलं, की तो मागे जाऊन दुसऱ्याला म्हणायचा, बाईंना माणसं नकोत रे, वेळेवर येणाऱ्या गाड्या हव्यात. खी खी खी. सुट्टीवर आलेली लेक एकदा आईला न्यायला डेपोत आली, तर तिकीटखिडकीपाशी एक कंडक्टर हेच वाक्य दुसऱ्याला टाळी देऊन म्हणत होता. तिला आधी कळेना. मग त्यानंच कौतुकानं सांगितलं, ताई, तुमच्या आईच्या पुस्तकातलं आहे, काय लिहितात हो त्या. लेक वर आली. कंट्रोलरच्या टेबलावरची प्रत उघडली, पान सापडायला वेळ लागला नाही, लोकांनी तिथे दुमडूनच ठेवलं होतं. ती आईला फक्त एवढंच म्हणाली, "ते मी तुला म्हटलं होतं. त्यांना नव्हतं म्हटलं."

आणि जी बस समोर होती त्या बसमध्ये चढून गेली. बॅग घरीच राहिली, ती वडिलांनी नंतर पाठवली.

त्यानंतर लेक घरी आली नाही. फोन करायची तो वडिलांना. वडील म्हणजे डेपोतले निवृत्त ड्रायव्हर, सगळे त्यांना उस्ताद म्हणत, कारण निम्म्या ड्रायव्हरांना गाडी त्यांनीच शिकवलेली. ते बाल्कनीत उभं राहून बोलायचे, आणि बाई आत कणीक मळत कान टवकारून ऐकायच्या. बाबांची तब्येत, तिकडचं पाणी, दुकानातली गर्दी. आईचं नाव नाही. बाईंनी एकदा हात पुढे केला फोनसाठी, तर पलीकडून फोन ठेवलेला. बाई म्हणाल्या, रेंज गेली असेल. उस्ताद म्हणाले, असेल.

तिसरी कादंबरी याच काळात कशीबशी लिहून झाली. मुलं पांगण्याचीच होती, ती काय, पांगली. पण आता चौथी आली. आणि चौथीत मधलीनं घरी यायचं होतं.

इथून बाईंची जी तगमग सुरू झाली, ती बघणाऱ्यालाही थकवा आणणारी होती. थोरला आला घरी, सहज आला. धाकट्याला तर येण्याची घाईच झालेली, त्याला दोन प्रकरणं मागे ढकलावं लागलं. मधली मात्र यायला तयार नाही. बाई तिला स्टेशनवर उतरवायच्या, रस्त्याला लावायच्या, फाटकापर्यंत आणायच्या, आणि फाटकाशी ती उभी राहायची. कडी काढायची नाही. मुळात ती का आली, हेच बाईंना पटवता येईना. आईची आठवण आली म्हणून आली, असं लिहिलं; दुसऱ्या दिवशी वाचलं आणि स्वतःच म्हणाल्या, डोंबल आठवण आली. घर विकायचं निघालं म्हणून आली. छे, असल्या गोष्टीसाठी ती येणारी नव्हे. मग शेवटचा उपाय म्हणून बापाला आजारी पाडलं. बाप आजारी पडला की मुली येतातच. पण प्रकरण रंगत गेलं, हात थांबेना, आणि दुपारपर्यंत बाप गेलासुद्धा.

बाईंच्या अंगावर काटा आला. शेजारच्या खोलीत उस्ताद रेडिओ लावून बसले होते आणि मध्येच खोकत होते. बाई उठल्या, चहा केला, त्यात आलं घातलं, साखर जरा जास्तच घातली, आणि बरोबर बिस्किटंही नेली. उस्तादांनी कपाकडे बघितलं, बिस्किटांकडे बघितलं, आणि विचारलं, "काय गं, आज मेलो वाटतं मी?"

बाई म्हणाल्या, काहीतरीच काय बोलता. आणि आत जाऊन ते प्रकरण टराटरा फाडलं.

मग पायाला भिंगरी लागली. घरातलं कपाट या भिंतीवरून त्या भिंतीला. पंखा पुसून झाला. पडदे उतरवले, धुतले, चढवले, पुन्हा उतरवले. कामावर वेळेआधी जायला लागल्या आणि तिथे खिडकीशी उभ्या राहायला लागल्या. प्रकाशकाचा फोन यायचा, तो पहिल्यांदा तब्येत विचारायचा, मग हवा, मग हळूच चौथी. वाचनालयातली बाई रस्त्यात गाठून विचारायची, कधी येतेय हो मधली, आमच्याकडे नंबर लागलेत. बाई सगळ्यांना सांगायच्या, झालीच आहे, शेवटचा हात फिरवतेय. हात फिरत होता तो नुसता टेबलावर. कंट्रोलरनं तर स्वतःहून तोडगा काढून दिला, थोरल्यानं जाऊन तिला समजवावं, थोरला समजूतदार आहे. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो फोन वाजलेला नसताना फोन उचलून बोलायला लागला.

एक गोष्ट बाई कुणाशीच बोलत नव्हत्या. मधली कादंबरीत घरी आली, तर लेकही येईल, असं काहीतरी त्यांच्या डोक्यानं घेतलं होतं. वेडेपणाच होता, आणि तो वेडेपणा आहे हे त्यांनाही कळत होतं. पण लेक ती पुस्तकं वाचते, हे उस्तादांच्या बोलण्यातून एकदा निसटलं होतं. म्हणजे चौथी नीट लिहिली गेली तर ती वाचेल, आणि मधली कशी परत आली ते तिला कळेल. लेकीला सांगायचं ते सगळं बाईंना त्या एका प्रकरणात घालायचं होतं. आणि ते प्रकरणच होत नव्हतं. आता मला सांगा, असला जीव टांगणीला लागल्यावर माणूस शांत बसेल कसा?

त्यातच नव्या वेळापत्रकाचे दिवस आले. आणि बाईंच्या हातून ती चूक झाली.

प्रत्येक डेपोत एक स्पेअर गाडी असते. तिला मार्ग नसतो. सकाळी धुऊन पुसून, डिझेल भरून, ड्रायव्हर-कंडक्टरसकट ती आवारात नुसती उभी राहते. रस्त्यात एखादी बस बंद पडली तर तिनं जायचं आणि तिथले प्रवासी उचलायचे. नाही पडली तर दिवसभर उभी. चार्टवर तिची रेघ म्हणजे डेपोवरून सरळ आडवी, ना वर ना खाली. बाईंना ती रेघ कायमच डाचायची. त्या वर्षी तर डोकं असं तापलेलं, की आवारात उभी असलेली ती धुतलेली गाडी रोज बघून त्यांचा संतापच झाला. सगळं जग अडलंय आणि ही बया नटून उभी. बाईंनी तिला चार्टमध्ये ओढली आणि बाजाराच्या मार्गावर लावून टाकली. मॅनेजरला बाजाराच्या फेऱ्या वाढलेल्या दिसल्या, तो खूश झाला, त्यानं खाली सही ठोकली. इतक्या वर्षांत बाईंचा चार्ट कुणी तपासला नव्हता, तो आता कोण तपासणार.

काही दिवस बरे गेले. मग एका रणरणत्या दुपारी बाहेरच्या वळणरस्त्यावर बस बंद पडली. तिथे झाड नाही, टपरी नाही, काही नाही. कंट्रोलरनं फोन ठेवला आणि सवयीनं म्हणाला, बाई, स्पेअर पाठवतो. उठून खिडकीतून बघतो तर आवार रिकामं. त्यानं बाईंकडे बघितलं. बाईंनी चार्टकडे बघितलं. स्पेअर बाजाराच्या पार टोकाला होती, खच्चून भरलेली.

लोक उन्हात उभे राहिले. एका आजीला भोवळ आली. कुणाचा इंटरव्ह्यू होता, तो गेला. शेवटी दुसऱ्या डेपोची गाडी हातापाया पडून मागवावी लागली. संध्याकाळी मॅनेजरनं सगळ्यांच्या देखत बाईंना असं काही झाडलं, की भिंतीला टेकून उभे असलेले ड्रायव्हरही खाली बघायला लागले. चार्टखाली मॅनेजरची सही होती, ती बाईंना दाखवता आली असती, पण त्यांनी दाखवली नाही. पर्स उचलली आणि बसमध्ये न चढता चालत घरी गेल्या.

उस्ताद बाल्कनीत होते. बाईंनी चपलासुद्धा न काढता त्यांना सगळं सांगितलं, आणि वर म्हणाल्या, चूक माझीच, पण ती गाडी मला बघवत नव्हती हो, नुसती उभी.

उस्तादांना मनापासून राग आला. त्यांना क्वचित यायचा. ते म्हणाले, नुसती उभी? मी वर्षभर स्पेअरवर होतो, तुला आठवत नसेल. दिवसभर आवारात बसून कंबर धरायची, सगळे चेष्टा करायचे, की काय उस्ताद, फुकटचा पगार. पण फोन आला की जावं लागायचं, आणि तेही अशा ठिकाणी जिथे लोक आधीच तापून लाल झालेले. मार्गावरच्या ड्रायव्हरला कोणी बघतही नाही, तो आला, गेला. स्पेअरवाल्याची मात्र सगळे वाट बघत असतात.

"मग खूश होत असतील तुम्हाला बघून," बाई म्हणाल्या.

"खूश? अगं, आधी शिव्या घालतात. बंद दुसरीच गाडी पडलेली असते, पण शिव्या आपल्याला. इतका वेळ कुठे मेला होतास म्हणतात. लगेच चढतसुद्धा नाहीत."

"मग तुम्ही काय करायचात?"

"काय करणार? दार उघडं ठेवून बसायचं. ओरडून झालं की चढतात."

एवढं बोलून उस्ताद रस्त्याकडे बघायला लागले. बाई आत गेल्या. पाणी प्यायला गेल्या होत्या, पण भिंतीवरच्या कागदासमोर थांबल्या. सुटलेला कोपरा दाबायला हात गेला आणि तसाच राहिला. वर हवेत थांबलेली लाल रेघ त्यांनी हजार वेळा बघितली होती. तिला खाली कसं ओढायचं, याच्यावरच सगळं वर्ष गेलं होतं. आज पहिल्यांदा त्यांची नजर खालच्या रेघेवर गेली. घरावरून सरळ आडवी, साध्या पेन्सिलीची, पुसट. पहिल्या पुस्तकापासून चौथ्यापर्यंत ती बाई स्वयंपाकघरात उभी होती आणि बाकीच्यांनी परत यावं म्हणून वाट बघत होती. धुतलेली, पुसलेली, आणि नुसती उभी. तिला कुठे पाठवायचं, हे चार्टबाईंच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

बाईंनी पेन्सिल घेतली आणि त्या रेघेतून एक तिरकी रेघ वर काढली, लाल रेघेपर्यंत. रेघ वाकडी आली. त्यांनी ती खोडली नाही.

मग त्या बाल्कनीत येऊन म्हणाल्या, मी उद्या तिच्याकडे जातेय. उस्तादांनी वळून बघितलं, फार काही विचारलं नाही, आणि सकाळची कुठली गाडी बरी पडेल ते सांगायला लागले. बाई एकदम उसळून म्हणाल्या, मला गाड्या सांगता? त्या गावाच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा बाईंना कधीपासून पाठ होत्या. जाणाऱ्यांच्याही आणि येणाऱ्यांच्याही.

दुसऱ्या दिवशी गाडी उशिरा सुटली आणि बाई कुणाला काही बोलल्या नाहीत. खिडकीशी बसून पर्सचा बंद उघडत आणि लावत राहिल्या. शेजारचा माणूस वैतागून पुढच्या सीटवर गेला.

दुकान छोटं होतं, काचेच्या दाराचं. लेक मागच्या बाजूला यंत्रावर वाकून काच घासत होती. तिनं मान वर केली, आईला बघितलं, आणि पुन्हा मान खाली घातली. यंत्र बंद झालं नाही. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाली, काय काम काढलंस? बाई म्हणाल्या, काही नाही. लेक म्हणाली, मला वेळ नाही, गिऱ्हाइकं आहेत. बाई म्हणाल्या, बसते मी.

आणि बसल्या. गिऱ्हाइकांसाठीच्या बाकावर, भिंतीवरच्या लहान होत जाणाऱ्या अक्षरांच्या तक्त्यासमोर. उभी गाडी न बघवणारी बाई दुपारभर त्या बाकावर उभ्या गाडीसारखी बसली. काय हाल झाले असतील ते त्यांचं त्यांनाच माहीत. गुडघा हलायला लागला की त्या त्यावर हात ठेवायच्या. मालकानं येऊन विचारलं, नंबर तपासायचाय का. नाही म्हणाल्या. पुन्हा आला, चौकट बघायची आहे का. नाही. मग कुणाची वाट बघताय? बाई म्हणाल्या, मुलीची. मालकानं मागे वळून बघितलं आणि तो पुन्हा काही विचारायला आला नाही.

दुकान बंद व्हायच्या वेळी लेक बाहेर आली. दोघी दुकानाच्या पायरीवर बसल्या, म्हणजे आई बसली आणि लेक आधी उभीच होती. आणि मग लेक सुरू झाली. एवढ्या दिवसांचं साठलेलं, सगळं काढलं. लहानपणी शाळेतून यायला उशीर झाला की दाराशी घड्याळ बघत उभी असलेली आई. वाढदिवसाला आखून दिलेला दिवस. तो कंडक्टर. ती टाळी. बाबांचा खोकला वाढला तोही मला त्यांच्याकडूनच कळला, मी वाट बघत होते तू फोन करशील, कधीच केला नाहीस, मीच यायचं, मीच परतायचं, नेहमी मीच का? येणारेजाणारे बघत होते. बाईंच्या जिभेवर उत्तरं होती, एकेकाला एकेक, तारीखवार. त्यांनी एकही दिलं नाही. त्या नुसत्या बसून राहिल्या.

बोलून बोलून लेकीचा आवाज बसला. ती पायरीवर टेकली, आईपासून जरा लांब. आणि मग रस्त्याकडे बघत तिनं एक वाक्य म्हटलं.

काय वाक्य होतं ते. मधली परत का येत नाही, आणि काय केलं तर येईल, सगळं त्या एका वाक्यात होतं. जे वाक्य बाई वर्षभर कपाटं सरकवत, पडदे धूत शोधत होत्या, तेच. चौथी कादंबरी तिथल्या तिथे पुरी होत होती. बाईंचा हात आपोआप पर्सकडे गेला, जिथे पेन्सिल असायची.

लेकीनं तो हात बघितला.

बाईंनाही कळलं, की तिनं बघितला. हात पर्समध्ये होता, बोटांना पेन्सिल लागलेली होती. बाईंनी हात बाहेर काढला, रिकामा. मांडीवर ठेवला, आणि त्याच्यावर दुसरा हात ठेवला, घट्ट, वळवळणाऱ्या पोराला धरून ठेवावं तसा.

मग लेकच म्हणाली, "परतीची गाडी चुकेल तुझी."

"चुकू दे," बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाल्या असतील.

त्या रात्री त्या लेकीच्या खोलीवर राहिल्या. काय बोलल्या, किती बोलल्या, ते मला विचारू नका. पुढच्या आठवड्यात घरी फोन आला तेव्हा उस्तादांनी बाल्कनीत दोन शब्द बोलून फोन आत आणून दिला, आणि म्हणाले, तुला मागतेय. लेक अजून घरी आलेली नाही. येईन म्हणते. कुठल्या शनिवारी, ते बाईंनी विचारलेलं नाही.

स्पेअर गाडी पुन्हा आवारात उभी राहायला लागली. बाई अजूनही खिडकीशी येतात, तिच्याकडे बघतात, ओठ मुडपतात आणि जागेवर जाऊन बसतात. स्वभाव का कुठे जातो.

चौथी कादंबरी आली. त्यात थोरला घरी येतो, धाकटा घरी येतो, आणि आई पायात चपला घालून मधलीकडे जाते. मधली दार उघडते. आधी खूप बोलते, वाट्टेल ते बोलते, ते सगळं बाईंनी मनानं रचून लिहिलंय. मग पायरीवर बसून ती आईला एक वाक्य म्हणते. आणि ते वाक्य पुस्तकात नाही. तिनं ते म्हटलं, एवढंच आहे, आणि पुस्तक संपतं. लाल रेघ खाली आलेलीच नाही.

प्रकाशक हबकला. जाहिरातीत काय छापलं होतं, ते त्यानं बाईंना फोनवर वाचून दाखवलं. म्हणाला, लोक माझ्या दुकानावर चाल करून येतील. बाई म्हणाल्या, आधी शिव्या घालतात, तुम्ही दार उघडं ठेवा. त्याला काही कळलं नाही, पण पुस्तक छापलं. वाचनालयातली बाई भांडायलाच आली. एका वाचकानं तर शेवटचं पान फाटलंय म्हणून प्रत बदलून मागितली.

सगळ्यात चिकट निघाला तो कंट्रोलर. तो रोज विचारायचा. चहा आणून द्यायचा आणि विचारायचा. शेवटी एकदा अगदी काकुळतीला आला, म्हणाला, बाई, इतकी वर्षं तुमच्या शेजारी बसतोय, निदान मला तरी सांगा, मधली शेवटी काय म्हणाली?

बाई चार्टवर वाकून रेघ ओढत होत्या. ती पुरी ओढून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"ते ती तिच्या आईला म्हणाली," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नाही."